घाई नेमकी कुठे करायची?

सुशी आज जगभरच्या शहरांत मिळते, आणि हात बसलेल्या कारागिराला तिचा एक घास वळायला काही सेकंद पुरतात. मूळची सुशी खायची तर मात्र महिनोन्‌महिने थांबावं लागे. जपानमधल्या बिवा सरोवराच्या काठी ती अजूनही तशीच करतात. सरोवरातला मासा साफ करायचा, मिठात मुरवायचा, मग शिजवलेल्या भातात थरावर थर देऊन दाबून भरायचा आणि वर वजन ठेवायचं. भात आंबतो, त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं आणि त्या आम्लामुळे मासा सडत नाही. आंबटपणा हे आधी टिकवण्याचं साधन होतं, चव म्हणून त्याची ओळख नंतर झाली.

हळूहळू लोकांना ती चवच आवडू लागली. आणि चवच हवी असेल, तर महिनोन्‌महिने थांबायचं कशाला? ताज्या भातात व्हिनेगर कालवलं की काम झालं. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, ही झटपट सुशी चांगलीच रुळली. ज्या तांदळाच्या व्हिनेगरकडे आज जग संथ, परंपरागत कारागिरीचा नमुना म्हणून पाहतं, ते जपानी स्वयंपाकघरात एके काळी वेळ वाचवण्याची युक्ती म्हणून लोकप्रिय झालं.

म्हणून जपानी कारागिराच्या निष्ठेबद्दल बोलताना ‘सावकाश तेच चांगलं’ असं सरसकट म्हणून भागत नाही. व्हिनेगर करणाऱ्या जुन्या घराण्यांनी बरंच काही सोपं केलं, स्वस्त केलं, लवकर होईल असं केलं. काही गोष्टींना मात्र हात लावू दिला नाही. ही निवड त्यांनी कशी केली, यात त्यांच्या कारागिरीचं मर्म आहे.

उरलेल्या चोथ्याची किंमत

नागोयाजवळच्या हांदा या बंदराच्या गावात नाकानो माताझाएमोन नावाचा साके बनवणारा होता. साके म्हणजे तांदळाचं मद्य. ते गाळलं की मागे पांढरा चोथा उरतो. त्यात थोडं अल्कोहोल असतं, साखर असते, प्रथिनांपासून तयार झालेली अमिनो आम्लं असतात. १८०४ मध्ये नाकानोनं या चोथ्यापासून व्हिनेगर करायला सुरुवात केली.

हे ऐकायला साधं वाटतं, पण त्या धंद्यात ते धाडस होतं. साके बनवणाऱ्याला माल आंबट होण्याची कायम धास्ती. अल्कोहोलचं आम्ल करणारे जिवाणू एकदा कोठारात शिरले, तर सगळ्या पिंपांचं नुकसान. त्याच कोठारवाल्यानं मुद्दाम ते जिवाणू पाळायचे म्हणजे भलतंच काम. पण एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, झटपट सुशीचा बोलबाला वाढत होता आणि व्हिनेगरला गिऱ्हाईक होतं. तांदळापासून केलेलं व्हिनेगर महाग पडे; चोथ्याचं स्वस्त. शिवाय चोथा मुरवत ठेवला की तो तपकिरी होतो आणि त्यातून उतरलेल्या लालसर व्हिनेगरला अंगचीच गोडी आणि भरीवपणा येतो. ते जहाजांनी एदोला जाऊ लागलं. पुढे हातानं वळलेल्या सुशीचं श्रेय ज्याला दिलं जातं तो हानाया योहेई एदोतलाच, आणि त्या काळच्या सुशीचा भात अशा लाल व्हिनेगरनं किंचित रंगलेला असे. नाकानोच्या धंद्यातूनच आजची मिझकान ही मोठी कंपनी उभी राहिली.

यात नाकानोनं कच्चा माल स्वस्तातला निवडला, पण मुरण्याचा वेळ वाचवला नाही. त्या वेळात जे घडतं ते दुसऱ्या कशानं घडत नाही, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. त्यामागचं विज्ञान कळायला आणखी काही दशकं जायची होती.

तीन जीव, एकामागून एक

द्राक्षाचं व्हिनेगर करणाऱ्याचं निम्मं काम द्राक्षानंच केलेलं असतं, कारण फळात साखर तयार असते. तांदळात असतं ते पिष्ट, आणि यीस्टला पिष्ट खाता येत नाही. म्हणून जपानी व्हिनेगरची सुरुवात एका बुरशीपासून होते. वाफवलेल्या तांदळावर तिचे बीजाणू भुरभुरतात आणि उबदार, दमट खोलीत ती वाढू देतात. दोनेक दिवसांत दाणे पांढऱ्या तंतूंनी वेढले जातात. या तांदळाला कोजी म्हणतात. बुरशीची विकरं पिष्टाची साखर करतात आणि प्रथिनांची अमिनो आम्लं. मिसो, सोया सॉस, साके या सगळ्यांचा पाया हीच बुरशी. जपानच्या मद्यनिर्मितीशास्त्र संस्थेनं २००६ मध्ये तिला ‘राष्ट्रीय बुरशी’ म्हणून जाहीर केलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये कोजी वापरून पारंपरिक मद्य बनवण्याच्या कौशल्याचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

दुसरा जीव यीस्ट. तो साखरेचं अल्कोहोल करतो. तिसरे ॲसिटिक आम्लाचे जिवाणू. ते अल्कोहोलला ऑक्सिजन जोडतात आणि त्यातून आम्ल व पाणी तयार होतं. कोकणात नि गोव्यात माडाची ताजी माडी उघडी राहिली की आंबट होते, ते याच जिवाणूंचं काम. गोव्याचं माडाचं व्हिनेगर त्यातूनच येतं. माडीत साखर आयती असते, एवढाच फरक. जपान्यांना ती आधी बुरशीकडून करून घ्यावी लागते.

या तिघांच्या गरजा एकमेकांशी जुळत नाहीत. बुरशीला ऊब आणि हवा हवी, यीस्टचं हवेवाचून चालतं, आणि जिवाणूंना हवेशिवाय एक क्षण करमत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी ही कामं वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या भांड्यांत होतात. एका गावात मात्र कोजी तयार झाली की पुढचं सगळं एकाच रांजणात होतं.

रांजणांचं शेत

क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला कागोशिमाचं आखात आहे. त्याच्या काठी, आजच्या किरिशिमा शहराच्या हद्दीत, फुकुयामा नावाचं गाव आहे. तीन बाजूंना डोंगर, एका बाजूला समुद्र, पलीकडे धुमसणारा साकुराजिमा ज्वालामुखी. हवा वर्षभर सौम्य आणि डोंगरातून येणारं झऱ्याचं पाणी भरपूर. सात्सुमा सरदारांच्या काळात इथल्या बंदरात तांदूळ येत असे, आणि मातीची मोठी भांडी घडवणाऱ्या भट्ट्या त्याच मुलखात होत्या. हे सगळं जुळून आलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे काळं व्हिनेगर करण्याची पद्धत रुजली.

उतारावर उघड्या आभाळाखाली काळ्या रांजणांच्या ओळी असतात. एक रांजण साधारण ६० सेंटिमीटर उंच, तोंड जेमतेम १४ सेंटिमीटरचं, आत ५४ लिटर मावेल एवढी जागा. एकट्या साकामोतो या जुन्या घराण्याकडे असे ५० हजारांहून जास्त रांजण आहेत. लोक त्याला रांजणांचं शेतच म्हणतात. भरणी वसंतात आणि शरदात होते. तळाशी कोजी, त्यावर वाफवलेला तांदूळ, मग पाणी. शेवटी एक नाजूक काम उरतं. कोरडी कोजी पाण्याच्या पृष्ठभागावर अशी पसरायची की ती बुडता कामा नये. तरंगणाऱ्या दाण्यांचं सलग झाकण तयार झालं पाहिजे.

सगळी मेख या झाकणात आहे. त्याच्या खाली हवा पोहोचत नाही, म्हणून यीस्टला निवांत अल्कोहोल करता येतं. आणि वरून येणाऱ्या नको त्या जंतूंना वाट मिळत नाही. सुरुवातीला लॅक्टिक आम्लाचे जिवाणू आतलं पाणी जरा आंबट करून ठेवतात, तीही एक राखण. कालांतरानं झाकण आपोआप खाली बसतं. आता पृष्ठभाग मोकळा होतो, आणि नेमकं तेव्हाच आत भरपूर अल्कोहोल असतं. ॲसिटिक जिवाणूंची पाळी येते. त्यांचं विरजण बाहेरून घालावं लागत नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या रांजणाच्या आतल्या बाजूला ते मुक्कामालाच असतात.

माणसाचं काम रोज रांजणांमधून फिरण्याचं. रांजणाच्या तोंडावरचं झाकण उचलून वास घ्यायचा, बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा, पृष्ठभाग पाहायचा, गरज वाटली तर बांबूच्या काठीनं ढवळायचं. शेजारशेजारचे दोन रांजण एकाच दिवशी भरलेले असले तरी एकावर ऊन जास्त पडतं, दुसऱ्याची भिंत जाड असते, आणि दोघांची चाल वेगळी होते. आंबायला सुमारे सहा महिने, आणि पुढे मुरायला आणखी सहा महिने किंवा कित्येकदा वर्षं. या मुरण्यात साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावतात, आणि सोनेरी पाणी गडद तपकिरी होत जातं. काळ्या व्हिनेगरचा काळेपणा असा वेळेतून येतो.

पृष्ठभागावरची साय

बाकीच्या जपानी घराण्यांत, भांडं लाकडी असो वा दुसरं कुठलं, खरी परीक्षा पृष्ठभागावरच्या सायीची असते. जिवाणूंना हवा हवी, म्हणून ते द्रवावर पातळ पापुद्रा धरतात. जुन्या भांड्यातला पापुद्रा अलगद उचलून नव्या भांड्यातल्या साकेवर तरंगत सोडायचा, ही विरजणाची रीत. बुडाला तर हवेवाचून तो कामातून गेला. चांगली साय पातळ असते आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या असतात. जाड, लिबलिबीत थर दिसला तर कारागीर धास्तावतो. तो दुसऱ्याच जातीच्या जिवाणूंचा असतो, आणि व्हिनेगर त्यानं बिघडतं. गंमत म्हणजे त्याच जातीचे जिवाणू नारळाच्या पाण्यावर वाढवले की फिलिपिन्समधली नाता दे कोको नावाची मिठाई होते. एकाची कीड ती दुसऱ्याचं पीक.

कधी थांबायचं हेही सायच शिकवते. अल्कोहोल संपलं की भुकेले जिवाणू स्वतःच केलेलं आम्ल खायला लागतात आणि त्याचं पाणी नि कार्बन डायऑक्साइड करून टाकतात. म्हणून किंचित अल्कोहोल शिल्लक असतानाच काम आवरतं घ्यावं लागतं.

साय केवळ पृष्ठभागावर काम करते, त्यामुळे एक भांडं आंबट व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यात ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी यावर तोड काढली. द्रवात खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे जिवाणूंना पृष्ठभागावर येण्याची गरजच उरत नाही. टाकीभर सगळीकडे एकदम काम सुरू होतं आणि एक-दोन दिवसांत व्हिनेगर तयार. जगातलं बहुतेक व्हिनेगर आज असंच होतं. जपानमधले मोठे कारखानेही ही पद्धत वापरतात. यात फसवणूक नाही. आम्ल तेच, स्वच्छ, स्वस्त आणि दर वेळी सारखं. काय गळतं, तर सुवासाची काही द्रव्यं हवेच्या झोतात उडून जातात, आणि आम्लाचा धारदारपणा बोथट व्हायला लागणारा वेळ मिळत नाही.

चाळीस ग्रॅमचा हिशेब

वेळेपेक्षाही मोठी काटकसर तांदळात करता येते. जपानी नियमांनुसार लेबलवर ‘तांदळाचं व्हिनेगर’ लिहायचं तर एका लिटरला किमान ४० ग्रॅम तांदूळ वापरलेला असावा लागतो आणि आम्लता किमान ४.२ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ४० ग्रॅम तांदळात पिष्ट साधारण ३१ ग्रॅम. त्यातल्या कणाकणाची साखर झाली, साखरेच्या कणाकणाचं अल्कोहोल आणि अल्कोहोलच्या थेंबाथेंबाचं आम्ल झालं, तरी हाती येतं सुमारे २३ ग्रॅम. हवं असतं ४२. प्रत्यक्षात तर काही ना काही वाया जातंच. म्हणजे किमान तांदळात केलेल्या व्हिनेगरमधलं निम्मं आम्ल तरी तांदळाचं नसतं. बाहेरून घातलेल्या अल्कोहोलपासून किंवा दुसऱ्या कशापासून ते केलेलं असतं. नियमात बसतं, लेबलही खोटं नाही.

क्योतो प्रांताच्या उत्तरेला, समुद्रकाठच्या मियाझु गावात ईओ नावाचं घराणं १८९३ पासून व्हिनेगर करतं. त्यांच्या साध्या बाटलीत लिटरमागे २०० ग्रॅम तांदूळ असतो, म्हणजे नियमाच्या पाच पट. वरच्या प्रतीच्या बाटलीत ३२० ग्रॅम, म्हणजे आठ पट. इतका तांदूळ केवळ आम्लासाठी लागत नाही. जास्तीच्या तांदळातून अमिनो आम्लं येतात आणि आंबटपणाला बूड मिळतं. फोडणीशिवायच्या काकडीवर शिंपडलं तरी ते पाणचट लागत नाही.

बहुतेक व्हिनेगरवाले साके किंवा अल्कोहोल विकत घेतात. ईओ घराणं हिवाळ्यात स्वतःचं साके घरीच करतं. मग साय धरायला सुमारे शंभर दिवस, पुढे मुरायला आठ-दहा महिने. हे सगळं करून ते थांबले असते तरी त्यांचं कौतुक झालं असतं. त्यांचा वेगळेपणा मात्र कोठाराबाहेर, खाचरात आहे.

भात कुणाचा?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर जपानमध्ये तांदळाची टंचाई होती. खायलाच तांदूळ नाही, तर व्हिनेगरला कुठून मिळणार? तेव्हा कृत्रिम ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून, वर गोडवा आणि चव घालून केलेलं व्हिनेगर बाजारात पसरलं. फुकुयामातले बहुतेक रांजण रिकामे पडले. साकामोतो घराण्यानं रताळी वापरून कसंबसं काम चालू ठेवलं आणि पद्धत वाचवली. तांदूळ परत आला तेव्हा लोकांच्या जिभेला कृत्रिम चवीची सवय झालेली होती. आंबवलेलं व्हिनेगर कोणतं आणि कृत्रिम कोणतं हे लेबलवर वेगळं दाखवण्याचा नियम यायला १९७० साल उजाडलं.

युद्धानंतरच्याच वर्षांत शेतात कीटकनाशकं आली. पीक वाढलं, आणि खाचरांतले मासे नि बारीकसारीक जीव नाहीसे होऊ लागले. ईओ घराण्याच्या तिसऱ्या पिढीला हे खटकलं. ज्या पाण्यात मासा जगत नाही त्या पाण्यातल्या भातापासून केलेली वस्तू माणसाला कशी द्यायची? १९६४ मध्ये त्यांनी डोंगरातल्या शेतकऱ्यांना कीटकनाशकांशिवाय भात लावायला राजी केलं. सेंद्रिय हा शब्द दुकानात ऐकू येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. शेतकऱ्यांना ते सहज पटलं नाही. हातानं तण काढायचं, पीक कमी यायचं. म्हणून तांदूळ बाजारभावापेक्षा बराच जास्त दर देऊन विकत घ्यायचा करार झाला. व्हिनेगर महाग झालं ते कोठारातल्या कष्टांमुळे कमी, आणि या करारामुळे जास्त.

एकट्याची कारागिरी नसते

जपानी कारागिराची जी प्रतिमा जगभर फिरते तीत एक म्हातारा असतो, वाकलेला, एकाग्र, जन्मभर एकच वस्तू सुधारत बसलेला. प्रतिमा खोटी नाही, पण अपुरी आहे. कारण व्हिनेगरवाल्याचं कसब कितीही असलं तरी रांजण दुसऱ्यानं भाजलेला असतो, कोजीचे बीजाणू तिसऱ्यानं सांभाळलेले असतात, भात चौथ्यानं लावलेला असतो. यातला एक जरी गेला तरी बाकीच्यांची निष्ठा कामी येत नाही.

सुगी या जपानी सूचिपर्णी झाडाच्या लाकडाच्या मोठ्या पिंपांचं हेच झालं. फळ्या बांबूच्या खिळ्यांनी जोडून, बांबूच्या कड्यांनी आवळून केलेली ही पिंपं शंभर वर्षंही टिकतात. पूर्वी साके बनवणारे ती काही वर्षं वापरून पुढे सोया सॉस, मिसोवाल्यांना विकत. युद्धानंतर साकेच्या कोठारांत मुलामा दिलेल्या धातूच्या टाक्या आल्या आणि नव्या पिंपांची मागणी आटली. शंभर वर्षं टिकणारी वस्तू बनवणाऱ्याला एका पिढीत गिऱ्हाईक मिळालं नाही की ती विद्या संपते. देशात मोठी पिंपं बांधणारे बोटांवर मोजण्याइतके उरले. शोदोशिमा बेटावरच्या यामारोकु या सोया सॉसच्या घराण्याचे यामामोतो यासुओ यांनी २०१२ मध्ये दोन सुतार मित्रांना घेऊन साकाई शहरातल्या कारागिरांकडे पिंप बांधणं शिकून घेतलं. आता दर जानेवारीत निरनिराळ्या गावांचे आंबवणारे त्या बेटावर जमतात आणि मिळून पिंपं बांधतात. एरवी हे लोक एकमेकांचे स्पर्धक.

मियाझुच्या डोंगरात प्रश्न माणसांचा आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत मोठी यंत्रं जात नाहीत, शेतकरी म्हातारे झाले, तरुण शहरात गेले. त्यामुळे ईओ घराण्यानं काही खाचरं स्वतःच कसायला घेतली. लावणीला नि कापणीला कोठारातले कामगार उतरतात, बाहेरगावचे हौशी लोकही येतात. घराण्याची पाचवी पिढी आता हा व्याप सांभाळते. बाटलीची जाहिरात, दूरची बाजारपेठ, माल पोहोचवणं यांत ते नवी साधनं आनंदानं वापरतात. तिथे घाई केल्यानं काही बिघडत नाही. पण उत्पादन दुप्पट करायचं ठरवलं तर त्यांना टाकी वाढवून भागत नाही. आधी खाचरं वाढवावी लागतात, आणि खाचरं वाढवायची तर आधी त्या गावात राहून चिखलात उतरणारं माणूस हवं.